बारदान वजा करून

आमचा आप्पा दवाखान्यातल्या काट्यावर चढला, की आधी सिस्टरला सांगतो, "बारदान वजा करा."

बारदान म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन. आप्पाची उभी हयात निपाणीतल्या एका तंबाखूच्या वखारीत काट्याशेजारी गेली. पोत्यासकट माल तोलायचा आणि पोत्याचं वजन सोडून द्यायचं, हा त्याचा धर्म. पहिल्या खेपेला तर विजार, सदरा, बनियन, करदोटा आणि कवळी यांचं वजन त्यानं घरूनच चिठ्ठीवर लिहून आणलं होतं. "एक किलो तीनशे ग्राम. कवळीसकट." सिस्टर हसली. आप्पा हसला नाही. काटा एकशे अडतीस दाखवत होता.

पोट लहान करून वजन उतरवण्याच्या ऑपरेशनसाठी या खेपा चालल्या होत्या. आप्पा माझा चुलतभाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, बिनलग्नाचा. मी बेळगावात नोकरीला, म्हणून सोबत माझी आणि घरचं माणूस म्हणून सहीही माझी. डॉक्टरांनी अट घातली होती : सहा आठवड्यांत पथ्यानं आठ किलो उतरवा, तरच टेबलावर घेतो. त्यामुळं दर मंगळवारी वजन, मग आहाराच्या मॅडम, मग रक्त नाहीतर छातीचा फोटो.

निपाणीहून येताना बसमध्ये जागा असली तरी आप्पा उभाच. "बसलो की शेजारचा निम्मा भायेर लोंबतोय. कशाला कुणाला तरास?"

एकदा समुपदेशक बाईंकडं पाठवलं. त्यांनी विचारलं, "मनाला वाईट वाटलं की जास्त खाता का?"

"न्हाय हो. भूक लागली की खातो. वाईट वाटलं की वखारीत जातो."

"सुट्टीच्या दिवशी?"

"किल्ली माझ्याकडंच असती."

बाईंनी बराच वेळ लिहून घेतलं. बाहेर आल्यावर आप्पा म्हणाला, "एवढं काय लिवलं असंल रं, बाळू?"

हे सगळं सुरू कशानं झालं, ते मी आजवर कुणाला बोललो नाही. माझा मणका सरकलेला आहे, कमरेला कायम पट्टा असतो. गेल्या वर्षी भावकीतल्या एका म्हाताऱ्याला पोचवून परत येताना मी चारचौघांत म्हणालो, "हे म्हातारं हलकं होतं म्हणून बरं. आप्पाच्या टायमाला क्रेनच सांगायला लागंल. मी खांदा दिला तर दुसरी तिरडी माझी." सगळे हसले. मागून आप्पा येत होता. तोही हसला, सगळ्यांत मोठ्यानं. चार दिवसांनी त्याचा फोन आला, "बाळू, पोट बारीक करून वजन उतरवत्यात म्हणं बेळगावात. चौकशी कर की." दोन्ही गोष्टींचा संबंध मी जोडला नाही. जोडायचा नव्हता, हे जास्त खरं.

आप्पानं पथ्य प्रामाणिकपणे केलं. ताक, सूप, मॅडमनी दिलेली पावडर. "चव काय न्हाय, पण वासबी न्हाय," एवढीच तक्रार. पण पाचव्या आठवड्याला काटा एकशे बत्तीसवर अडला.

शेवटच्या मंगळवारी तो स्टँडवर उतरला तेव्हा ओठांना भेगा पडल्या होत्या. मी पाण्याची बाटली पुढं केली.

"नगं. तोलल्यावर."

"कधीपासनं प्याला न्हाईस?"

"परवापासनं. अरं, पाणी मारून वजन वाढवलेली तंबाखू मी हातात धरली की वळखतो. जन्मभर लोकास्नी 'वाळवून आणा' म्हणून परत लावलोय. आता आपलाच माल ओला नेऊ व्हय?"

मी हसलो. रागवायला हवं होतं, पण मी हसलो.

वजनाआधी मॅडमनी विचारलं, "पाणी किती पिता, सर? नीरु सरी कुडीबेकु, पाणी व्यवस्थित प्यायला पाहिजे." आप्पानं माझ्याकडं पाहिलं. आयुष्यात त्यानं काट्याशेजारी उभं राहून खोटं सांगितलं नव्हतं. मी सांगितलं, "तीन लिटर, मॅडम." सहा मंगळवार साहेबापुढं रजेसाठी उभा राहून मी कंटाळलो होतो. मला फक्त हे एकदाचं संपवायचं होतं.

काटा एकशे तीसवर थांबला. "बारदान वजा न करता!" आप्पा म्हणाला आणि मला टाळी द्यायला हात पुढं केला. हात गरम होता, कोरडा.

पाच मिनिटांनी रक्त द्यायला बसला आणि तो स्टुलावरून खाली कोसळला. वॉर्डबॉय धावले, रखवालदार आला, खाली चादर सरकवून पाच जणांनी त्याला उचललं. एक जण माझ्याकडं बघून ओरडला, "धरा की हो!" मी भिंतीला टेकून उभा होतो. दोन्ही हात कमरेच्या पट्ट्यावर.

मूत्रपिंडावर ताण आलाय, डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन पुढं ढकललं. वजनाचं सगळं पहिल्यापासून.

दुपारी सलाईनची दुसरी बाटली चालू असताना आप्पानं डोळे उघडले.

"किती जण लागले?"

"पाच."

"तू व्हतास काय त्यात?"

या वेळी माझ्याच्यानं खोटं बोलवलं नाही. "न्हाय."

"बरं केलास," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर खरोखरचं समाधान होतं. जरा वेळानं म्हणाला, "तीच काळजी लागल्या रं मला. पयला खांदा तुझाच की, दुसरं हाय कोण? आजून चाळीस किलो गेलं की तुझ्या कमरंला झेपंल."

मी उठलो. मॅडमच्या खोलीत गेलो आणि तीन लिटरचं खरं काय ते सांगितलं. त्या बोलायचं ते सगळं बोलल्या. मी खाली मान घालून ऐकलं.

परत आलो तर आप्पा सिस्टरला सांगत होता, "आमच्या बाळूला एक खुर्ची बघा की, बाई. त्येला लई येळ उभारवत न्हाय."