बारशाची गोधडी आणि चुन्याची डबी

"बाजारातनं एक टाचणीसुदिक आणायची न्हाय! शिवायचं समदं सामान आपल्या घरातच असतंय. फकस्त नजर पायजे, नजर!"

वैजनाथरावांनी मोबाइल खाली ठेवत ही घोषणा केली आणि त्यांच्या बायकोनं, तारामतीनं, शिवणाचा डबा आपल्याकडं ओढून घेतला. एसटीच्या डेपोत तीस वर्षं गाड्यांच्या वेळा लिहून ते निवृत्त झाले, त्याला आठ महिने झाले होते. तेवढ्यात त्यांची नजर मुरुम गावच्या त्या घरातल्या मिक्सरवर, गिझरवर आणि शेजाऱ्यांच्या डिशवर पडून गेली होती. तिन्ही अजून बंदच होते.

आणि आता नजर पडली गोधडीवर! तीही नातवाच्या बारशाच्या!

लेक अक्षदा बाळंतपणाला आली होती, परवा रविवारी बारसं होतं, आणि पाळण्यात पहिली गोधडी आजोळचीच पडणार होती. एवढंच असतं तर तारामतीनं ती बोलता बोलता शिवून टाकली असती. पण बारशाला नळदुर्गहून अक्षदाच्या सासूबाई, धुरपदाबाई येणार होत्या. गोधडीच्या बाबतीत त्यांच्या गल्लीत त्यांचा शब्द शेवटचा. लग्नाच्या रुखवतातली तारामतीची गोधडी त्यांनी हातात घेतली होती, बोट फिरवलं होतं आणि काही न बोलता खाली ठेवली होती. तीन वर्षं झाली, तारामतीला ते न बोलणं अजून ऐकू येत होतं.

म्हणून या वेळी तिनं काही कसर ठेवली नव्हती. आत घालायला स्वतःची दोन मऊ सुती पातळं काढली होती. वरून वडिलांचं पेटीत जपलेलं पांढरं धोतर. बाळाच्या अंगाला लागणारं पहिलं कापड हळदीच्या पाण्यातून काढायचं, ही तिच्या माहेरची रीत. त्याप्रमाणे धोतर हळदीत बुडवून, वाळवून पिवळंधमक केलं होतं. आता रेघा आखायच्या आणि टाके घालायचे, बस.

"रेघा म्या आखतो," वैजनाथराव बाह्या सावरत म्हणाले. "तू निवांत बस."

निवांत कुठलं! कापड ताणून धरायला त्यांनी दोरीवरचे चिमटे काढले आणि बाळाची लंगोटं अंगणभर उडाली. कोपऱ्यांवर वजन पाहिजे म्हणून एकीकडं वरवंटा ठेवला, दुसरीकडं कुकर. कुकरात वरण होतं. सरळ पट्टी नव्हती, म्हणून फ्रिजमधली काच काढली आणि दूध, दही, लोणी सगळं फरशीवर मांडून ठेवलं. मधोमध गोल काढायचा होता. त्यांनी अक्षदाच्या पुढ्यातलं ताट उचललं.

"अण्णा, मी जेवतेय!"

"वाटीत खा की! कला हाय ही!"

"अन् ह्यो रेडिओ कशापायी फोडलाव?" तारामती ओरडली.

"लोहचुंबक काढाया. सुया वेचाया लागतंय ते."

"सुई अजून पडली तरी हाय का!"

वाद घालण्यात अर्थ नव्हता. ती अंगणात लंगोटं गोळा करायला गेली. जेमतेम पाच मिनिटं गेली असतील. तेवढ्यात वैजनाथरावांच्या लक्षात आलं, की रेघा आखायला खडूच नाही. त्यांनी बंडीच्या खिशातून तंबाखूबरोबरची चुन्याची डबी काढली, काडी बुडवली आणि काचेच्या कडेनं रेघा ओढायला सुरुवात केली. खडू पांढरा, चुनाही पांढरा!

हळदीला चुना लागला की काय होतं, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. वैजनाथराव त्या वेळी आपल्याच हुशारीवर इतके खूश होते, की हळद त्यांच्या डोक्यातून साफ निसटली.

"अगं बाई! रगत! काय कापलं तुमी?" दारातूनच तारामती किंचाळली.

"काय न्हाय कापलं. रेघा जरा... रंगल्यात. दम धर, धुऊन आणतो."

"थांबा! साबण लावू नका, साबण..."

तोवर न्हाणीत नळ सुटला होता. निवृत्त माणसानं एकदा काम हातात घेतलं, की ते पुरतंच करायचं! त्यांनी धुण्याची पावडर दोन मुठी टाकली. बाहेर आले तेव्हा धोतर या टोकापासून त्या टोकापर्यंत कुंकवासारखं लाल झालं होतं.

"आई, लिंबू!" अक्षदा ताट नसलेल्या जागेवरून ओरडली. कॉलेजात शिकलेलं पहिल्यांदाच घरात उपयोगी पडत होतं. "आंबट लागलं की परत पिवळं होतंय!"

वैजनाथरावांनी पोह्यांवर पिळावं तसं लिंबू पिळलं. पडलं तिथं पिवळं झालं, शेजारी केशरी राहिलं, बाकी लालच. मग आठ पाण्यांतून खळबळून काढलं. चुना गेला, पावडर गेली, रेघाही गेल्या; राहिले ते पिवळ्या-केशरी-लालसर रंगाचे ओघळ.

"दुसरं धोतर आणू का दुकानातनं?" त्यांनी हळूच विचारलं.

"माझ्या बापाचं धोतर दुकानात मिळतंय व्हय?" तारामती म्हणाली आणि पदरात तोंड घालून खरोखर रडली. मग शनिवारी दिवसभर वैजनाथराव मुकाट सुईत दोरा ओवून देत राहिले. तारामतीचे डोळे भरलेले, रेघा नाहीत, वेळ नाही. टाके बैलाच्या मुतासारखे वाकडेतिकडे पडले. ते तिला दिसत होतं, पण उसवायला सवड नव्हती.

रविवारी धुरपदाबाई आल्या. बायकांच्या घोळक्यात त्यांनी पाळण्यातली गोधडी उचलली.

"हळदीवर चुना?"

"आणि वरून लिंबू," अक्षदा बोलून गेली.

"कुणाचं डोस्कं हे?"

तारामती गोधडी परत घ्यायला पुढं सरली. तेवढ्यात वैजनाथराव मान खाली घालून दारात आले. "म्या केलंय. तिची कायबी चूक न्हाय."

"इवाई, काय रंग धरलाय ओ!" धुरपदाबाई व्याह्यांकडं बघून म्हणाल्या. "दिवस उगवतानाच्या आभाळावानी! पन्नास वर्सं गोधड्या शिवतेय, मला ह्ये कधी सुचलं न्हाय!"

खाली गेलेली मान हळूहळू वर आली, आणि मग जरा जास्तच वर गेली.

धुरपदाबाईंनी बोट फिरवलं. "टाके कुणाचे?"

"माझे," तारामती म्हणाली.

"हां. व्हतंय असं, वयानं." त्या तारामतीपेक्षा बारा वर्षांनी मोठ्या होत्या! "मी काय म्हणते ईनबाई, फुडच्या गोधड्या इवाईंनी रंगवाव्या, टाके म्या घालीन. तुमी आता नातू खेळवा."

"किती हायेत?" वैजनाथरावांनी दारातूनच विचारलं.

"सध्या सा."

तारामतीनं हसून मान डोलावली. हसणं भाग होतं. बारशाचं घर होतं, आणि मांडीवर पोर नुकतंच झोपलं होतं.