काकूंचे आभार मानण्याचा दिवस

कंपनीतला ओपन सोर्सचा उत्सव सकाळी सुरू झाला, आणि ज्या बाईंच्या सन्मानार्थ तो भरवला होता त्यांनी जेवणाच्या सुट्टीआधीच दुकान बंद केलं.

उत्सवाची कल्पना लिबोरची. चेक देशातल्या ब्र्नो शहरातली ही कंपनी बसच्या तिकिटांचे प्रोग्राम बनवायची, आणि तिचं निम्मं काम परक्या लोकांनी लिहून फुकट वाटलेल्या कोडवर चालायचं. वर्षभर लोकांच्या विहिरीचं पाणी पितो, तर एक दिवस गाळ तरी काढू या, असं म्हणत लिबोर कामीलसाहेबांच्या मागे लागला होता. साहेबांनी शेवटी एक दिवस दिला, वर सगळ्यांना सॉसेज दिले आणि बजावलं, "फसलं तर पुढच्या वर्षी हा विषय काढायचा नाही."

लिबोरने निवड केली ती द्राहोमीरा नावाच्या बाईंच्या प्रोग्रामची. कुठल्या दिवशी सुट्टी, यंदा ईस्टर कधी, एवढंच तो सांगायचा. पण तो नसता तर ईस्टरच्या सोमवारी, सुट्टी असूनही, सगळ्या बस रोजच्या वेळापत्रकाने धावल्या असत्या. बाईंना कुणी पाहिलेलं नव्हतं. कुणी चूक कळवली किंवा दुरुस्ती पाठवली की त्या ती स्वतः तपासून बघत, घ्यायची की नाही ते ठरवत आणि प्रत्येकाला उत्तर लिहीत. या कामाचा त्यांना एक पैसा मिळत नसे. लिबोरला त्यांच्याबद्दल मनापासून आदर होता, म्हणून त्याने ठरवलं, की कंपनीतल्या प्रत्येकाने आज बाईंना एक दुरुस्ती भेट पाठवायची. जो गट जास्त पाठवील त्याला स्लिवोवित्साची, म्हणजे प्लमच्या दारूची, बाटली.

बाटलीचं नाव निघताच सगळ्यांच्या अंगात आलं. एकाने एक जागा मोकळी सोडली, दुसऱ्याने ती भरून काढली. हिशेब विभागाने स्वल्पविराम हलवले. ज्यांना कोड येत नव्हता त्यांनी मदतीच्या पानावर 'नमस्कार' लिहिलं. भिंतीवरच्या पडद्यावर आकडा चढत होता आणि लोक टाळ्या वाजवत होते.

तेवढ्यात आकड्याखाली एक ओळ उमटली : "मी थांबते. ज्याला हवं त्याने न्यावं. द्राहोमीरा."

टाळ्या थांबल्या.

"न्यावं म्हणजे? कोड तर मोफतच आहे ना?" साहेब म्हणाले.

"कोड मोफत आहे, साहेब. बाई मोफत नाहीत," लिबोरच्या शेजारी बसणारी रेनाता म्हणाली. "पुढच्या ईस्टरला चूक निघाली तर ती कोण शोधणार? तुम्ही?"

साहेबांनी लिबोरकडे पाहिलं. "तुझा उत्सव. तूच निस्तर."

पानाच्या तळाशी बाईंचा फोन नंबर होता. लिबोरने तो लावला.

"कोण?" पलीकडून धापा टाकत आवाज आला.

"काकू, मी ब्र्नोहून बोलतोय. त्या दुरुस्त्या... आमच्या ऑफिसातून आल्यात. तुमचे आभार मानायचे होते."

"तुमच्या सगळ्यांच्या आहेत होय! मला वाटलं, माझ्याच हातून काहीतरी भयंकर चुकलंय, म्हणून गाव लोटलंय." काकूंनी श्वास घेतला. "अहो, अंगणात प्लमचा जाम शिजतोय. एका हाताने ढवळतेय, एका हाताने उत्तरं लिहितेय. अर्धी कढई करपली. ते असू दे. पण त्यात कुणीतरी कोडच्या मधेमधे लिहिलेले सगळे शेरे काढून टाकलेत. 'फालतू मजकूर' म्हणून."

"कुठले शेरे?"

"बेद्रिखचे. माझे यजमान. प्रोग्राम त्यांचा, मी नुसती राखण करते. ते गेल्यावर हे मी वाचून वाचून शिकले. त्यांनी मध्येच लिहून ठेवलंय, 'द्राहोमीरा जेवायला हाका मारतेय, ईस्टरचा हिशेब उद्या.' आता तो फालतू मजकूर असेलही. तुमच्यातल्याच कुणाचं तरी नाव आहे इथे. वाचू?"

"नको," लिबोर म्हणाला. ते नाव त्याच्या आईनेच ठेवलेलं होतं.

पत्ता विचारून तो काकूंच्या गावी निघाला, पण गाडीत बसेपर्यंत रेनाताने त्याला सोडलं नाही. "सबंध ऑफिसने स्वल्पविराम हलवले, आणि तू मात्र नेमका माणूसच पुसलास. शाबास रे!"

काकूंचं अंगण धुराने भरलं होतं. काकू बुटक्या, डोक्याला रुमाल, हातात भलंमोठं लाकडी घोटणं. लिबोर फाटकातच म्हणाला, "काकू, तो मी. मला माहीत नव्हतं. माफ करा."

"फोनवर 'नको' म्हणालास तेव्हाच कळलं." त्यांनी घोटणं त्याच्या हातात दिलं. "ढवळ. बुडापासून. थांबलास की लागलं."

तो ढवळू लागला. काकू झाडाखाली लॅपटॉप घेऊन बसल्या, चष्मा पुसला आणि एकेक दुरुस्ती पाहू लागल्या.

"सगळ्यांनी पहिल्याच पानावर हात फिरवलाय," त्या अखेर म्हणाल्या. "शेवटपर्यंत कोण गेलंय सांगू? तू. बेद्रिखचा शेवटचा शेरा पार तळाशी आहे. सबंध वाचल्याशिवाय तो सापडत नाही. ते गेल्यापासून सबंध कुणी वाचलं नव्हतं रे." त्यांनी दोन-तीन कळा दाबल्या. "झालं."

"काय झालं?"

"किल्ल्या तुझ्याकडे. आता प्रोग्राम तू सांभाळायचास."

"काकू, मी? मी तर—"

"ढवळ, ढवळ! आणि शेरे?"

"एकही हलणार नाही," लिबोर म्हणाला. धुरामुळे असेल, त्याचे डोळे चुरचुरत होते.

त्याच्या खिशातला फोन थरथरू लागला तो थांबेचना. सकाळपासूनच्या सगळ्या भेटी आता नव्या पत्त्यावर येत होत्या. मग साहेबांचाही फोन आला. लिबोरचे दोन्ही हात घोटण्यावर होते, म्हणून काकूंनीच तो काढून त्याच्या कानाला लावला.

"मिळालं कुणी सांभाळायला?" साहेबांनी विचारलं.

"मिळालं."

"वा! त्या भल्या माणसाला आमचे आभार सांग. आणि हो, लोकांना पुन्हा चेव आलाय. संध्याकाळपर्यंत दुप्पट पाठवतो म्हणताहेत!"

"साहेब, नको! साहेब..." फोन बंद झाला होता.

काकूंनी खुर्ची कढईजवळ ओढली आणि लॅपटॉप मांडीवर उघडला. "घाबरू नकोस. तू ढवळ, मी टाइप करते. पहिली कुणाची आहे बघू. हं. लिबोर म्हणून कुणी आहे. सांग, काय लिहू? आधी आभार मान, मग नाही म्हण."