मोतीभाऊंचा ट्रान्सफॉर्मर

बोरी अरबला मोतीभाऊंकडे चहाला गेलात, तर चहाआधी जुन्या रेडिओतून काढलेला ट्रान्सफॉर्मर पाहावा लागतो. तो विजेला जोडून मोतीभाऊ एक लाकडी पट्टी त्यावर टेकवतात, तिचं दुसरं टोक कानाला लावतात आणि डोळे मिटतात. मग म्हणतात, "गुणगुणून राह्यला. तब्येत बरी आहे त्याची." तोवर चहावर साय धरलेली असते.

रेडिओ दुरुस्ती हा त्यांचा धंदा. रेडिओ गेले, धंदा गेला, सवय राहिली. जुन्या ट्यूबच्या रेडिओचं बटण फिरवलं की लगेच आवाज येत नसे. आतल्या काचेच्या ट्यूब आधी तापाव्या लागत. त्यावरून मोतीभाऊंनी जगण्याचा नियम काढला: तापू द्या. कुणाची सून बोलत नसेल, कुणाचा अर्ज अडला असेल, उत्तर तेच. तरुणपणी मुलगी पाहून आले, पसंत पडली, तेव्हाही घरच्यांना हेच म्हणाले. तिचं दुसरीकडे लग्न झालं. पुढे कित्येक वर्षं तिचा रेडिओ तेच दुरुस्त करत.

मी गावातल्या शाळेत शिकवतो; माझा धाकटा भाऊ सुहास गिटार वाजवायचा. त्याला गिटारसाठी ट्यूबचा अॅम्प्लिफायर हवा होता. मोतीभाऊंनी एका मेलेल्या रेडिओचा ट्रान्सफॉर्मर काढला. तो जरा जास्त व्होल्टेज द्यायचा, म्हणून त्याच्या गाभ्यातले लोखंडी पत्रे सोडवून तारेचे वेढे कमी करायचं ठरलं. वेढे मोजताना कुणी हाक मारली की मोतीभाऊ "सतरा" अशी ओ देत. अखेर दुपारी जोडून पाहिलं, व्होल्टेज बरोबर आलं. संध्याकाळी शेतांतले पंप बंद झाले, त्यांचा भार गेल्यानं गावाचं व्होल्टेज चढलं आणि ट्यूब उडाली. मोतीभाऊंचा जन्म बोरीत गेला, पण पंप ध्यानात राहिले नाहीत. सुहास पोट धरून हसला. मग कधी होईल, असं त्यानं विचारलं. उत्तर ठरलेलं होतं.

अशी तीन वर्षं गेली. मागच्या पोळ्याच्या आधी सुहास अचानक गेला.

मोतीभाऊ भेटायला आले, ओट्यावर बसले आणि उठून गेले. नंतर कित्येक महिने त्यांच्याकडे चहा बंदच होता. परवा त्यांनी मला सुहासची गिटार घेऊन बोलावलं.

संध्याकाळ होती, पंप थांबले होते. पुऱ्या झालेल्या अॅम्प्लिफायरला त्यांनी गिटार जोडली, बटण दाबलं आणि लगेच म्हणाले, "वाजवा, सर."

मला येत नाही, मी म्हटलं.

"मले तरी कुठं येते? वाजवा."

मी तारांवरून बोट फिरवलं. अॅम्प्लिफायर गप्प. ट्यूब अजून थंड होत्या, हे मलाही कळत होतं. मी त्यांच्या त्या दोन शब्दांची वाट पाहिली.

"थांबू नका," मोतीभाऊ म्हणाले. "लय थांबवलं मी त्याले."

मी पुन्हा बोट फिरवलं. पुन्हा. काचेत हळूहळू तांबूस उजेड धरला आणि आवाज शेतांपलीकडून कुणी चालत यावं तसा आला. पट्टी मोतीभाऊंच्या हातातच होती. कानाला लावायची ते विसरले होते.