विष्णुपंतांचं पाठमोरं घर

परक्या घराच्या पायरीवर बसून, पागोटं सारखं करून, एखादा पन्नाशी उलटलेला वकील तुम्हाला म्हणाला, "आता जरा तलावाच्या बांधावर जा आणि तिथून मला ओरडून सांगा, मी दिसतो का," तर तुम्ही काय कराल? मी गेलो. भर उन्हात गेलो. बांधावर उभा राहून, तोंडाशी दोन्ही हात धरून ओरडलो, "दिसता!"

"किती दिसतो?" तिकडून प्रश्न आला.

"पागोट्यापासून जोड्यापर्यंत!"

"आणि माझ्या शेजारची जागा?"

एवढा ऐसपैस ओटा मोकळा पडलेला, आणि हे गृहस्थ अंग चोरून एका कडेला बसले होते. शेजारी नुसती रिकामी फरशी. रिकामी फरशी दिसली काय आणि न दिसली काय! पण विचारलं म्हणून सांगितलं, "तीही दिसते!"

विष्णुपंत उठले, धोतर झटकलं आणि मी जवळ आल्यावर म्हणाले, "मग हे घर नको."

मला काय झालं असेल ते समजायचं तर मी कोण हे आधी तुम्हाला कळलं पाहिजे. मी मल्लाप्पा. मूळचा वळसंगचा. अंगावरच्या कपड्यानिशी सोलापुरात आलो, डोक्यावर लुगड्यांचं गाठोडं घेऊन दारोदार हिंडलो, आणि आज सुताच्या पेठेत माझं स्वतःचं दुकान आहे. हे सगळं मी भाव पाडण्याच्या जोरावर केलं. मराठीत पाडतो, कानडीत पाडतो, विणकऱ्यांशी तेलुगूतही पाडतो. माझा आवाज चढला की समोरचा उतरतो. त्या ओटेवाल्या बंगल्याचा भाव मी घशाला कोरड पडेपर्यंत भांडून खाली आणला होता. घरमालक कपाळाला हात लावून बसला होता. आणि हे म्हणतात, नको!

"का नको? हवा येत नाही? पाणी दिसत नाही?"

"तसं नव्हे," विष्णुपंत म्हणाले, "पण तसंच."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुठल्याही अवघड प्रश्नावर हेच उत्तर. याचा अर्थ आमच्या गल्लीत कुणालाही लागलेला नाही.

विष्णुपंत माझे भिंतीला भिंत लागून शेजारी. कोर्टात उभे राहिले की असे गरजायचे, की आवारातल्या लिंबाखाली बसलेले दुसऱ्या दाव्यातले पक्षकारही दचकायचे. पण घराचा उंबरा ओलांडला की त्याच माणसाचं मांजर व्हायचं. घरात थोरले बंधू, त्यांची मुलंसुना, नातवंडं, आणि सगळ्यांच्या वर आत्याबाई. आत्याबाई माजघराच्या दारात पाटावर बसत. तिथून स्वयंपाकघर, ओसरी आणि जिना, तिन्ही त्यांच्या नजरेत. वडीलधाऱ्यांसमोर बायकोशी बोलायचं नाही ही रीत त्या घरात अजून कडक होती. मग विष्णुपंतांना चष्मा सापडेनासा झाला, की ते ओसरीवरच्या कोनाड्याकडे तोंड करून म्हणायचे, "चष्मा कुठं ठेवलाय, म्हणजे कुणाला ठाऊक असेल तर." आतून बांगड्यांचा आवाज यायचा. थोड्या वेळानं एखादं नातवंड चष्मा आणून द्यायचं. मुली लग्न होऊन सासरी गेल्या, नवऱ्याचे केस पिकले, तरी त्या माउलीचा आवाज मी भिंतीपलीकडून कधी ऐकला नव्हता. बांगड्या मात्र ओळखीच्या झाल्या होत्या.

असे हे विष्णुपंत एका माघ महिन्यात माझ्या दुकानी आले आणि म्हणाले, "शेट, हिप्परग्याच्या तलावाकाठी एक घर विकत घ्यायचंय. कोर्टाच्या उन्हाळी सुटीच्या आत मिळालं पाहिजे. तिथं सुटी काढायची. आता या वर्षी नाही जमलं, तर माझ्या हातून पुन्हा व्हायचं नाही."

"प्रकृती बरी नाही का?"

"तसं नव्हे, पण तसंच. भावाचं तुम्ही बघा. मला त्यातलं काही कळत नाही."

शेवटच्या वाक्यानं मी विरघळलो. शिकलेला माणूस आपणहून असं म्हणतो कुठं? दर रविवारी टांगा करून आम्ही हिप्परग्याला जाऊ लागलो.

पहिलं घर कसं गेलं ते सांगितलंच. दुसरं टेकाडावर होतं. आंब्याची झाडं, गोड्या पाण्याची विहीर, खिडकीत उभं राहिलं की सगळा तलाव पायाशी. विष्णुपंत पायरीवर कडेला बसले. मला खाली पाठवलं. मी खाली गेलो, तर मधे झाडांचा आडोसा आला. मी आनंदानं ओरडलो, "दिसत नाही!" त्यांचा चेहरा फुलला. मी म्हटलं, झालं काम.

संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर बसून मी घराचं वर्णन केलं. आंबे सांगितले, विहीर सांगितली, वारा सांगितला. आत्याबाई पाटावरून म्हणाल्या, "अगं बाई, छानच की! मग आपण सगळेच जाऊ. मुलांनाही मोकळं होईल. मी माझा पाट तिथं खिडकीशीच टाकीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी विष्णुपंत दुकानी हजर. "ते घर नको."

"अहो, दिसत नव्हता की तुम्ही!"

"तसं नव्हे..."

"साकु!" मी ओरडलो. राग अनावर झाला की मी कानडीवर जातो. साकु म्हणजे पुरे. दिवाणजीनं दचकून दौत सांडली. "वकीलसाहेब, चांगलं घर तुम्हाला चालत नाही. मग काय वाईट बघू?"

विष्णुपंत म्हणाले, "बघा बरं."

मी चिडून बोललो होतो. ते खरं धरून बसले. मग मीही हट्टाला पेटलो. तलावाच्या पार टोकाला बिरप्पा नावाच्या म्हाताऱ्या मेंढपाळाचं एक जुनं घर होतं. पूर्वी गावाशी भांडण झालं, तेव्हा त्याच्या बापानं गावाकडं पाठ करून बांधलेलं. वाटेवरून बघाल तर नुसती आंधळी भिंत. ना दार, ना खिडकी. वळसा घालून गेलं की पलीकडं दार, दोन पायऱ्या आणि लगेच पाणी. कौलं फुटकी, आढ्याला घोरपड, आत शेळ्या. वास असा, की टांग्याचं घोडंसुद्धा लांबच थांबलं.

विष्णुपंत पायरीवर बसले. मी वाटेवर गेलो, बांधावर गेलो, टेकाडावर चढलो. कुठूनच काही दिसेना. परत येऊन सांगितलं, तर त्यांचे डोळे चमकत होते.

संध्याकाळी मी ओसरीवर मनापासून वर्णन केलं. घोरपडीचा साप केला. डास चिमणीएवढे केले. शेळ्यांच्या वासाला कमीजास्त करायची गरजच नव्हती.

"शी!" आत्याबाई म्हणाल्या. "मी नाही हो तिथं पाऊल टाकणार. कुणीच जाऊ नका. आणि विष्णू, तुला एवढी हौसच असेल तर जा एकटा. पण जेवणाखाण्याचं काय? बाहेरचं खाऊन पडशील आजारी. धाकटीला ने करून घालायला." धाकटी म्हणजे विष्णुपंतांची बायको.

विष्णुपंत मान खाली घालून म्हणाले, "तुम्ही म्हणता तर नेतो." आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. बहुतेक पितळी.

आता व्यवहार. माझ्या आयुष्यातला असा भाव मी कधी पाडला नव्हता. मी घराला नावं ठेवली, घोरपडीला नावं ठेवली, बिरप्पाच्या बापाला नावं ठेवली.

"शेट, लई घासताय," बिरप्पा म्हणाला. "माज्या शेळ्या कुटं जातील, त्येचा तरी इचार करा की."

"शेळ्यांनी तुझं घर कवडीमोल केलंय! त्यांच्याकडूनच भाडं घे."

"आसं बोलू नगा. घर जुनं हाय, पर मजबूत हाय."

"मजबूत? मग हे आभाळ कसं दिसतंय वर?"

बिरप्पा खुशीत होता. त्यालाही असा भांडणारा माणूस फार दिवसांनी भेटला होता. तो एक पायरी उतरला, मी एक चढलो. वर मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं, की कौलं नवी घालून देईन, जमीन सारवून देईन, शेळ्यांचा वास जाईपर्यंत धूर करून देईन. बिरप्पा हात पुढं करणार, तेवढ्यात इतका वेळ गप्प बसलेले विष्णुपंत कोर्टातल्या आवाजात म्हणाले, "कौलं राहू देत! वासही राहू दे! घर आहे तसंच पाहिजे. आणि पहिल्यांदा मागितली तेवढी किंमत दिली!"

बिरप्पाचा हात हवेत राहिला. माझं तोंड उघडं राहिलं. तिथून घरी येईस्तोवर मी टांग्यात एक अक्षर बोललो नाही. मी गप्प बसलोय हे बघून टांगेवाला घाबरला आणि त्यानं घोडं दुप्पट पळवलं.

खरा तमाशा पुढं झाला. मागितली ती किंमत दिली म्हणताना बिरप्पाला झोप लागेना. वकील माणूस, शहाणा माणूस, फुटक्या कौलांना एवढे पैसे का देईल? घरात पुरलेलं काहीतरी आहे! त्यानं पोरांना हाताशी धरून घराची सगळी जमीन खणून काढली. ताबा घ्यायला आम्ही गेलो, तर माजघरात कंबरेएवढा खड्डा आणि खड्ड्यात बिरप्पा.

"काय रे, काय घावलं?" मी विचारलं.

"काय न्हाय," तो रडवेला होऊन म्हणाला. "वकीलसायेब, तुमीच सांगा आता, कुटं हाय त्ये?"

विष्णुपंत म्हणाले, "बाबा, तसलं काही नाही रे. पायरी खणली नाहीस ना?"

"न्हाय."

"मग ठीक आहे."

खड्डे मी माझी माणसं लावून बुजवले. त्याबद्दल आभाराचा शब्द नाही. सुटी लागली तसे विष्णुपंत वहिनींना घेऊन गेले. इकडे पेठेत बोभाटा झाला, की मल्लाप्पा बरोबर असताना वकिलानं सांगितली ती किंमत मोजली. विणकरी माझ्यासमोर तेलुगूत कुजबुजून हसू लागले, आणि तेलुगू मला समजतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ज्या माणसानं कधी माझ्यापुढं किमतीवरून तोंड उघडलं नाही, तोसुद्धा म्हणू लागला, "शेट, बिरप्पाला मागितली ती किंमत मिळाली, मग आम्हालाच का नाही?" माझा धंदा माझ्या दराऱ्यावर चालतो. तो दरारा विष्णुपंतांनी एका वाक्यात घालवला होता. मी ठरवलं, की हिप्परग्याला जायचं, चांगलं फैलावर घ्यायचं, आणि पेठेत येऊन चार माणसांत त्यांच्या तोंडून खुलासा करवून घ्यायचा.

वैशाखातल्या एका दुपारी टांगा बांधाशी उभा केला आणि चालत निघालो. वाटभर बोलायची वाक्यं जुळवत होतो. आंधळ्या भिंतीपर्यंत पोचलो, तोच पलीकडून बाईमाणसाचा आवाज आला. खणखणीत, मोकळा. मला वाटलं, दुसरंच कुणी राहायला आलं. निवडुंगाच्या कुंपणापाशी थबकून मी कोपऱ्यावरून पाहिलं.

खालच्या पायरीवर विष्णुपंत बसले होते. पागोटं नव्हतं. त्यांना लागून त्याच पायरीवर वहिनी बसल्या होत्या. दोघांचे पाय पाण्यात, बाजूला ताटलीत कलिंगडाच्या फोडी. आणि वहिनी त्यांना रागावत होत्या.

"मल्लाप्पाभावजी एवढे घसा फोडून भाव खाली आणत होते, आणि तुम्ही मधे कशाला बोललात? वर कौलंही नकोत म्हणे! पावसाला सुरुवात झाली की काय डोक्यावर परात धरून स्वयंपाक करू? त्या भल्या माणसाची पेठेत शोभा झाली असेल!"

मी जे बोलणार होतो, ते सगळं त्या माझ्यापेक्षा चांगलं बोलत होत्या.

"हसताय काय?"

"इतक्या वर्षांत तू मला कधी रागावली नव्हतीस," विष्णुपंत म्हणाले.

"रागवायला तुम्ही समोर होता कधी? कोनाड्याशी बोलायचात तुम्ही. माझ्याकडे पाठ करून."

एक फोड उचलून, तिच्यातल्या बिया बोटानं काढून विष्णुपंतांनी वहिनींच्या हातात दिली. मग म्हणाले, "मागचं सगळं असेल, तेही काढ."

"काढू?"

"काढ."

"बरं तर. दिवाळसणापासून सुरू करते," वहिनी पदर खोचून म्हणाल्या. "माझ्या माहेरी आलात, आणि सगळा सण माझ्या भावाशी बुद्धिबळ खेळत बसलात..."

माझे जोडे नवे होते. पाऊल टाकलं की कुरकुर वाजायचे. मी हळूच खाली वाकलो, दोन्ही जोडे काढून हातात घेतले आणि तापलेल्या मातीतून, चटके सोसत, अनवाणी टांग्यापर्यंत परत आलो.

"वकीलसायेब भेटलं न्हाईत व्हय?" टांगेवाल्यानं विचारलं.

"कामात आहेत," मी म्हणालो, आणि तळपाय चोळत बसलो.