मुकादमाचा गळका डोळा

हे कुणाला सांगायचं नाही, असं बाबांनी मला दोनदा बजावलं आहे. मी तशी बोलतच नाही (वर्गातसुद्धा नाही, म्हणून बाबा निर्धास्त असतात). पण लिहायचं नाही, असं काही ते म्हणाले नव्हते.

माझे बाबा प्लंबर आहेत. अर्ध्या वस्तीचे नळ ते नुसत्या आवाजावरून ओळखतात. त्यामुळे आमच्या कासवाच्या, म्हणजे मुकादमाच्या, उजव्या डोळ्यातून पाणी येतंय हे मी सांगितलं, तेव्हा त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"माझ्या घरात गळती?"

"गळती नाही बाबा, डोळ्याला पाणी आलंय."

"नको तिथे पाणी आलं की तिला गळतीच म्हणतात."

"अहो, डॉक्टरांना दाखवा," आई म्हणाली.

"दोन थेंबांसाठी डॉक्टर? आधी मूळ शोधायचं असतं."

मूळ शोधायला बाबांनी टॉर्च घेतला आणि सबंध सकाळ ते मुकादमासमोर पालथे पडून राहिले. (मुकादमाने दोनदा जांभई दिली.) शेवटी निदान झालं: ओल! मुकादमाची रोजची अंघोळ बंद झाली. सुताराकडून पोतंभर कोरडा भुसा आला. तो मीच मुकादमाच्या खोक्यात पसरला, फूटपट्टी लावून, सगळीकडे सारखा. वर टेबलफॅन.

"तीन दिवसांत खडखडीत!" बाबा म्हणाले.

तीन दिवसांत मुकादमाचे दोन्ही डोळे मिटले. पापण्या भिजवलेल्या वाटाण्यांसारख्या फुगल्या. पान अगदी नाकाशी धरलं तरी तो तोंड उघडेना.

"गळती तर थांबली," बाबा म्हणाले. पण आवाजात काही दम नव्हता. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. बाबांनी बाहेरून नळाबद्दल एक शब्दही काढला नाही, तेव्हाच मी ओळखलं की तेही घाबरलेत.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मुकादमाला टेबलावर ठेवलं.

"आधी नुसतं पाणी येत होतं? की चिकट काही? सूज?"

"नुसतं पाणी," मी म्हणाले.

"मग तो आजार नसावाच. आपले अश्रू एका बारीक नळीतून नाकात उतरतात. कासवाला ती नळी नसते. म्हणून डोळा जरा ओला दिसतो."

बाबा खुर्चीतून उठले. "म्हणजे आउटलेटच दिलेलं नाही?"

"नाही."

"असं कुणी बांधकाम करतं का हो?"

"कोट्यवधी वर्षं चाललंय. अजून तक्रार नाही." बोलता बोलता बाईंनी मुकादमाची पापणी हळूच धुतली आणि कापसावर आलेले पिवळट कण आमच्यासमोर धरले. "हा भुसा डोळ्यात कसा गेला?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाबांकडे.

"सुतार," बाबा म्हणाले.

"त्याला दिसेल ना पुन्हा?" मी विचारलं, इतक्या मोठ्याने की बाबाच दचकले.

"दिसेल. आत जखम नाही. भुसा काढा, पंखा बंद करा. रोज कोमट पाण्यात पंधरा मिनिटं बसवा, हे थेंब घाला, गडद हिरवा पाला द्या. आणि कृपा करून दुरुस्ती करू नका."

पाचव्या दिवशी डावा डोळा किलकिला झाला. सहाव्या दिवशी मुकादमाने एक सबंध पान खाल्लं. बाबांनी ते कुणाकुणाला फोन करून सांगितलं.

काल मी जमिनीवर अभ्यासाला बसले होते, तर तो मान उंचावून थेट माझ्याकडे चालत आला. इतक्या सेवेनंतर आपल्याला कुणीतरी ओळखलं, म्हणून मी पुस्तक मिटलं. त्याने माझ्या पायाच्या लाल नेलपॉलिश लावलेल्या अंगठ्याकडे प्रेमाने पाहिलं आणि कडकडून चावा घेतला.

मी किंचाळले.

"टोमॅटो वाटला असेल गं त्याला," आई म्हणाली.

बाबा मात्र टाळ्या पिटत होते. "डावा डोळा पास! रंगसुद्धा ओळखतो!"

अंगठा आता बरा आहे. खरं तर नजर तपासायला पानाचा तुकडा हलवूनही चालतं, हे मी बाबांना सांगणार

"बाळ, उजवा डोळापण उघडला गं! ये लवकर, दुसरा अंगठा घेऊन ये!"

बाबा हाका मारताहेत. लिहायचं बरंच राहिलंय, पण त्याआधी मला माझे मोजे