रंग यायचा थांबेपर्यंत धुवा

घरच्या घरी गाडी चकचकीत कशी करावी, हे अख्ख्या डिचोलीत एकाच माणसाला कळतं आणि तो मी! (हे वाक्य शुक्रवारी दुपारी अडीचपर्यंत खरं होतं. तसंच राहू दे. खोडत नाही.)

बाकीचे लोक गाडी धुतात म्हणजे काय करतात? बालदीत मूठभर कपड्यांची पावडर टाकतात, सेवानिवृत्त बनियन बुडवतात आणि म्हशीला घासावं तसं गाडीला घासतात. बनियनमधली वाळू रंगावर रेघोट्या ओढते, पावडरीने वरचं मेण उडतं आणि मग हेच लोक म्हणतात, कंपनीने रंगच हलका दिला. मी हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवतो. माझ्या डोळ्यांदेखत हे असलं घडतं आणि मला रात्री जेवण जात नाही.

शनिवारी सिद्धीचं लग्न होतं. सिद्धी माझी भाची, मुळगावच्या यशोदाताईची मुलगी. आमच्याकडे नवरीला मांडवात मामा नेतो. सिद्धीने सहा महिने आधीच जाहीर केलं होतं की फुलं चिकटवलेल्या भाड्याच्या गाडीत ती पाय ठेवणार नाही, हॉलवर जाईल ती मामाच्याच गाडीतून. आठवी ते बारावी तिने त्याच गाडीच्या मागच्या सीटवर पाठांतर केलेलं. माझे डोळे भरून आले. मग मी बाहेर जाऊन गाडी पाहिली आणि डोळे पुन्हा कोरडे झाले.

गाडी बारा वर्षांची. रंग पांढरा, पण फक्त कागदोपत्री. आमचं घर खनिजाच्या ट्रकांच्या रस्त्यावर. एक ट्रक गेला की धुळीचा थर, दुसरा गेला की त्या थरावर थर, पावसात भिजून घट्ट, उन्हात भाजून पक्का. गाडीचा रंग आता उकड्या तांदळाच्या पेजेत कोणी गेरू कालवावा तसा झाला होता.

माझी बायको हर्षा म्हणाली, बाजारातल्या वॉशिंग सेंटरवर टाका आणि मोकळे व्हा. मी तिला समजावलं की तिथे एकच फडका शंभर गाड्यांवरून फिरतो. त्यावर तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी नववीच्या वर्गात कॉपी करणाऱ्या मुलांसाठी राखून ठेवलेली आहे.

निवड करायला मला महिना लागला. लोक मुलीसाठी स्थळंसुद्धा इतकी बघत नाहीत! बेचाळीस व्हिडिओ पाहिले. शाम्पू असा निवडला की ना आम्ल ना अल्क, विधानसभेतल्या उत्तरासारखा तटस्थ. फडके मायक्रोफायबरचे: निळा अंगासाठी, हिरवा काचेसाठी, पिवळा चाकांसाठी. (पिवळ्याने दुसऱ्याच दिवशी हर्षाने मिक्सर पुसला. आम्ही त्यावर बोललो नाही.) टायरांना लावायचं काळं, डॅशबोर्डला लावायचं बिनरंगी, शेवटी चोळायचं मेण, आणि क्ले बार, म्हणजे रंगावरची चिकटलेली घाण ओढून घेणारी मऊ मातीची वडी.

हर्षाने वडी हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"गाडीवरची माती काढायला तुम्ही माती विकत आणली?"

"ही वेगळी माती."

"आमच्या लाटंबार्शाला फुकट मिळते," ती म्हणाली. लाटंबार्से तिचं माहेर. तिथे सगळंच फुकट मिळतं.

पण माझा हुकमाचा एक्का होता एक फवाऱ्याची बाटली. लोहकण काढणारा द्रव! व्हिडिओतला माणूस पांढऱ्या गाडीवर तो मारायचा, इथे तिथे चार जांभळे थेंब उमटायचे, तो पाणी ओतायचा, गाडी हसायची. आठ दिवस वाट पाहिल्यावर कुरिअरने बाटली आली. तिच्यावर लिहिलं होतं: लोखंडाचा कण लागताच द्रव जांभळा होतो. रंग यायचा थांबेपर्यंत फवारा आणि धुवा.

ज्याने ही सूचना लिहिली तो कधी डिचोलीत राहिला नव्हता. ज्याने वाचली तो जन्मापासून इथेच राहत होता, तरी त्याच्या डोक्यात...

पण नको. पायरी-पायरीने जाऊ.

पायरी पहिली. साधं पाणी मारणे. मारलं.

पायरी दुसरी. दोन बालद्या, एकीत शाम्पू, एकीत स्वच्छ पाणी. सुरेख फेस. शेजारचं मांजरसुद्धा थांबून बघत होतं.

पायरी तिसरी. लोहकणांचा फवारा. या द्रवाला सडक्या अंड्यांचा वास येतो हे व्हिडिओत कळत नाही. मी तोंडाला मास्क लावला, हातात रबरी मोजे चढवले आणि गाडीची अख्खी डावी बाजू फवारून काढली.

पाच सेकंद काही नाही. दहा सेकंद. मग दरवाजाच्या कडेला एक जांभळा थेंब आला. मी टाळी वाजवली. मग दुसरा. मग दोनशे! मग दरवाजा, बॉनेट, चाकावरची कमान, सगळीकडून एकदम धारा सुटल्या, जांभळ्या, त्यातून लालभडक, जाड, संथ. मी घाईने पाणी मारलं.

पायरी तिसरी, पुन्हा. पुन्हा धारा.

पायरी तिसरी, पुन्हा. पुन्हा.

पायरी तिसरी. सूचना स्पष्ट होती, रंग यायचा थांबेपर्यंत. रंग थांबेना! थांबणार कसा? बारा वर्षांचं खनिज होतं ते. मी गाडी धूत नव्हतो, चार चाकांवरची खाण पुन्हा सुरू केली होती. लाल पाणी अंगणातून फाटकाकडे गेलं, फाटकाखालून रस्त्यावर गेलं आणि उतार लागल्यावर जत्रेला निघाल्यासारखं खुशीत धावत सुटलं. मला मात्र आनंद होत होता, कारण डावी बाजू खरंच पांढरी होत होती. अशी पांढरी की तिच्यात मला माझा मास्क दिसत होता.

"गौरेश, किदें रे हें?"

समोरच्या घरातल्या सुलोचनाकाकी जनेलात उभ्या होत्या. जनेल म्हणजे खिडकी, पण सुलोचनाकाकींचं जनेल म्हणजे पोलीस चौकी. त्यांना दिसलं ते असं: मास्क, रबरी मोजे, पाण्याचा पाइप, लाल ओघळ आणि वर ती दुर्गंधी. मला हे तेव्हा सुचलं नाही. मला वाटलं, माझं काम बघून थक्क झाल्यात.

"काही नाही काकी. उद्याच्या आत सगळं साफ करतोय. कोणाला सांगू नका हां, उद्या कळेलच सगळ्यांना."

जनेल बंद झालं. उन्हाळ्यात, भर दुपारी, दोन्ही दारं आणि वर कडी.

काकींनी माझा शब्द पाळला. त्यांनी कोणालाही सांगितलं नाही, फक्त पदेराला सांगितलं. आता गावात पदेराला सांगणं म्हणजे काय ते बाहेरच्यांना कळायचं नाही. संध्याकाळचे पाव घेऊन तो सायकलवरून पों पों करत निघतो तो डिचोलीहून थेट मुळगावपर्यंत, आणि प्रत्येक दारात चार पावांबरोबर एक बातमी देतो, दोन्ही गरम. तो आमच्या फाटकापाशी आला, पुढचं चाक लाल ओघळात गेलं, त्याने पाय वर उचलले, माझ्याकडे पाहिलं आणि पाव न देताच निघून गेला. चौदा वर्षांत हे प्रथमच घडत होतं.

पुढचं मला नंतर कळलं. पहिल्या दारात मास्तरांच्या गाडीखाली कोंबडी आली होती. तिसऱ्या दारात ती बकरी झाली. तळ्यापाशी दोन पायांवर उभी राहिली. मुळगावला यशोदाताईच्या दारात पोचली तेव्हा तो कोणी परका माणूस होता, मास्तरांनी त्याला उडवून तीन दिवस झाले होते (वासाचा हिशेब लावला होता) आणि आज ते पुरावा धूत होते.

ताईच्या ओसरीवर तेव्हा चहा पीत कोण बसलं होतं? सिद्धीचे होणारे सासरे! पेडण्याचे अनंतबाब. नवरीची साडी द्यायला आले होते. त्यांनी पाव चहात बुडवलेला होता. तो तिथेच बुडाला.

माझा फोन वाजला. सिद्धी होती, हळदीच्या हातांनी फोन धरलेला असावा, आवाज सारखा सटकत होता.

"मामा, खरं सांग. कोणाला लागली गाडी?"

मी म्हटलं, कोणाला नाही, मी गाडी धुतोय. ती हळूच म्हणाली की अनंतबाब निघालेत तुमच्याकडे. जाताना आईला सांगून गेले की ज्या गाडीला रगत लागलंय तिच्यातून त्यांची सून यायची नाही, आणि मामा तसा माणूस निघाला तर उद्याचा मुहूर्तसुद्धा त्यांना बघावा लागेल.

"आणि मामा, मी दुसऱ्या गाडीत बसणार नाही. तू काय ते कर."

मी पाइप हातात घेऊन उभा राहिलो. पाणी माझ्याच चपलेवर पडत होतं. ते लाल होतं.

अनंतबाब वीस मिनिटांत पोचले. पांढरी गाडी, पांढरा शर्ट, पांढऱ्या मिश्या, सगळं आताच धुऊन आणल्यासारखं. मागून यशोदाताई स्कूटरवर, तिच्यामागे वाड्यावरचे दहा-बारा लोक, ज्यांना मदत करायची होती म्हणजे बघायचं होतं. सुलोचनाकाकींचं जनेल बोटभर उघडलं.

मी समजावलं. लोखंड, द्रव, अभिक्रिया. फळा असता तर समीकरण मांडलं असतं. अनंतबाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की सर, साबणाला असा वास येतो? हर्षा मदतीला आली. ती म्हणाली की अनंतबाब, यांना उडवता आलं असतं तर झुरळ तरी मेलं असतं. याने माझी बाजू भक्कम झाली की नाही मला अजून कळलेलं नाही.

"तर मग," अनंतबाब म्हणाले, "माझ्या गाडीर मार. लोखंड तिलाय आसा."

वा! हातात बाटली, समोर प्रयोग. मी त्यांच्या बॉनेटवर झोकात फवारा मारला आणि सगळ्यांना मागे सरकायला सांगितलं. पाच सेकंद. दहा. पंधरा. तीस.

काही नाही.

द्रव पाण्यासारखा खाली ओघळला. पेडण्याची गाडी! तिथे कुठली खाण? बॉनेट बाळाच्या गालासारखं स्वच्छ. लोकांनी बॉनेटकडे पाहिलं, मग माझ्या दारातल्या लाल डबक्याकडे, मग माझ्याकडे. ताईने पदराने डोळे टिपले. अनंतबाबांनी खिशातून गाडीची किल्ली काढली. ते निघाले की सिद्धीचं लग्न फाटकातून बाहेर जात होतं आणि मला पाठ असलेल्या एकशे अठरा मूलद्रव्यांपैकी एकही त्याला धरून ठेवू शकत नव्हतं.

एकदम आठवलं. ब्रेक! ब्रेक दाबला की लोखंडाची पूड चाकावर बसते, पेडण्यात काय आणि पॅरिसात काय. मी रस्त्यावर सपशेल आडवा झालो आणि त्यांच्या पुढच्या चाकावर फवारा मारला. एक, दोन, तीन, चार...

चाक रडायला लागलं. जांभळं, मग लाल, मग भळाभळा.

अनंतबाब वाकले. आपल्या पांढऱ्या शर्टाची बाही सावरून त्यांनी एक थेंब बोटावर घेतला, पाहिला, मग मागच्या चाकाकडे बोट दाखवून म्हणाले, "तिकडे मार बघू."

मारलं. तेही रडलं. अनंतबाब हसायला लागले. मिश्या, पोट, खिशातला चष्मा, सगळं हलत होतं. त्यांनी बाटली माझ्या हातून काढून घेतली आणि उरलेली दोन चाकं स्वतः मारली. मग काय! मदतीला आलेल्या प्रत्येकाला आपली गाडी तपासून हवी होती. ताईची स्कूटर थोडीशीच रडली, ती नाराज झाली. एका टिपर चालकाने आपला अख्खा टिपर आणून लावला. त्याच्या एका चाकाने जो ओढा सोडला त्याला टाळ्या पडल्या. सुलोचनाकाकी जनेल सताड उघडून आपला लोखंडी कोयता घेऊन बाहेर आल्या. तोसुद्धा रडला. अनंतबाबांनी तिथूनच सिद्धीला फोन लावला आणि सांगितलं की बाय, तुझा मामा निर्दोष आहे, गाडी मामाचीच येऊ दे.

मी आनंदाने बाटली घेऊन माझ्या गाडीच्या उजव्या बाजूकडे वळलो. चाप दाबला.

फुस्स.

बाटली रिकामी होती. नवी यायला आठ दिवस. लग्नाला पंधरा तास.

मी उजवी बाजू शाम्पूने धुतली, मातीच्या वडीने घासली, पिवळ्या फडक्यानेसुद्धा पुसली. ती जशीच्या तशी लाल राहिली, आता फक्त मेणामुळे चमकत होती. बॉनेटच्या बरोबर मध्यावरून रेघ, डावीकडे दूध, उजवीकडे गेरू.

सकाळी सिद्धी नऊवारीत बाहेर आली, तिने गाडीला एक फेरी मारली आणि शांतपणे डाव्या दाराने आत बसली. फोटोवाल्याला तिने बजावलं की उजवीकडे जायचं नाही. मी तिला हॉलवर नेलं, मांडवात नेलं, अक्षता पडल्या. माझ्या हातांना अजून सडक्या अंड्यांचा वास होता.

जेवणं झाल्यावर पाहुणे निघाले. अनंतबाबांच्या थोरल्या आत्याबाई दोन्ही बाजूंनी आमच्या गाडीला वळसा घालून माझ्याकडे आल्या आणि माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, तुम्ही फार केलंत हो, भाचीसाठी दोन-दोन गाड्या आणल्या.

"ती पांढरी तर अगदी नवी कोरी दिसते," त्या म्हणाल्या. "पण तिच्या पलीकडच्या लाल गाडीच्या मालकाला सांगा, लग्नाला येताना गाडी धुऊन आणावी."

सांगतो, म्हटलं.