सात नंबरची गोळी

पिशोरच्या सांडू मोकासेंना कालपासून नऊ वेळा नाव विचारून झालं होतं. ही मोजदाद त्यांच्या मुलाची, प्रणयची. तो वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटी खात्यात होता आणि औरंगपुऱ्याजवळच्या या दवाखान्याबद्दल त्याचं मत पहिल्या तासातच तयार झालं होतं. "रक्त घेणारा नाव विचारतो, एक्स-रेवाला नाव विचारतो. भरती केलंय का जनगणना चाललीय?"

अकरा वाजता सांडूंचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. प्रणयला सुट्टी एकच मिळाली होती, त्यामुळे अकराचे सव्वाअकरा झालेले त्याला चालणार नव्हते. सांडू रात्रीपासून उपाशी होते, पण नाराज नव्हते. त्यांना ऐकू कमी येई. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून ते प्रत्येक प्रश्नाला "व्हय" म्हणत. या एका शब्दावर त्यांनी गावच्या दर निवडणुकीत सगळे उमेदवार खूश ठेवले होते.

सकाळी प्रणय चहाला खाली गेला, तेवढ्यात वॉर्डात दोन गोष्टी घडल्या. सांडूंना खाली लावलेली आपली नवी मोटारसायकल नजरेसमोर हवी होती, आणि खिडकी होती सात नंबरच्या खाटेजवळ. तिथल्या दौलताबादच्या साहेबरावांना पंखा हवा होता, आणि पंखा होता सांडूंच्या डोक्यावर. दोन सभ्य माणसांनी खाटा बदलल्या. कागद मात्र ज्या त्या खाटेला लटकत राहिले. दुसरी गोष्ट अशी की सांडूंच्या पत्नीनं, द्वारकाबाईंनी, त्यांच्या मनगटावरची नावाची पट्टी अडकित्त्यानं कापून कपड्यांच्या पिशवीला बांधली. "मानूस कुठं जातंय? हरवती ती पिशवी."

साडेआठला नुकत्याच ड्यूटीवर आलेल्या रत्नमाला सिस्टर ट्रे घेऊन सात नंबरपाशी थांबल्या.

"बाबा, पूर्ण नाव सांगा."

"व्हय."

"नाव काय तुमचं?"

"व्हय, व्हय."

सिस्टरांनी मनगट पाहिलं. रिकामं. "मावशी, यांचं नाव?"

द्वारकाबाईंनी पदर पुढं ओढला. "आता बया. ह्यांचं नाव मी घिऊ? लग्नातल्या उखाण्यात बी 'हे'च म्हनले मी."

एवढ्यात प्रणय आला. खाट बदलल्याचं त्याच्या ध्यानात आलं नाही; त्यानं समोरच्या खाटेवरचा आकडा वाचला. "सिस्टर, दहाव्यांदा? सात नंबरची खाट, सात नंबरचा कागद, सात नंबरची गोळी. एवढा वेळ आम्ही लावला तर कंपनीतली लाइन बंद पडंल. आणा इकडं." त्यानं ट्रेमधली वाटी उचलली. सांडूंनी आज्ञाधारकपणे तोंड उघडलं.

गोळी आणि जीभ यांच्यामध्ये सिस्टरांचा तळहात आला. घाई नाही, आवाज नाही. "नाव."

"सांडू गोविंदा मोकासे," प्रणय दात आवळून म्हणाला.

"ही गोळी साहेबरावांची आहे."

पंख्याखालून साहेबरावांनी, हजेरीला करावा तसा, हात वर केला.

सिस्टर कागद न बघता बोलत होत्या. "ही शुगरची. बाबांना शुगर नाही, पोटात रात्रीपासून काही नाही. थोड्या वेळानं साखर उतरली असती. घाम, थरथर, डोळ्यापुढं अंधारी. जागा माणूस तसं सांगतो तरी. बेशुद्ध केलेला काय सांगणार? आणि बाबांची बीपीची गोळी साहेबरावांना गेली असती, त्यांचं बीपी आजच कमी भरलंय. बाबा घरी कोणती गोळी घेतात, दादा?"

"पांढरी. बारीक."

"रंग नको. कंपनी बदलली की रंग बदलतो. नाव."

प्रणयला नाव माहीत नव्हतं. चार वर्षं तोच आणून देत होता.

पिशवीतून गोळ्यांचं पाकीट निघालं. सिस्टरांनी ते वाचलं, तारीख पाहिली, डॉक्टरांना फोन केला, कुठल्या औषधाचा त्रास होतो का ते विचारलं, नवी पट्टी बांधली आणि मग ट्रेमधली बीपीची गोळी घोटभर पाण्याबरोबर दिली. मग आठ नंबर. तिथंही नाव विचारलं. सोळा खाटा, कुणाला काय, किती, कधी, उपाशी का जेवून. वेरूळच्या कैलास लेण्यापुढे माणूस पहिल्यांदा उभा राहतो, तसा प्रणय त्या ट्रेमागे उभा होता. डोकं आपोआप वर जात होतं, तोंड उघडं.

ऑपरेशन साडेअकराला सुरू झालं. त्यानं घड्याळ पाहिलं नाही. सख्खा मेहुणा गोकुळ डबा घेऊन आला, तेव्हा प्रणयनं त्याला दारातच अडवलं. "पूर्ण नाव?"

दोन वाजता सांडू परत खाटेवर गुंगीत होते. प्रणय डॉक्टरांकडे गेला होता. सिस्टर दुखण्याचं इंजेक्शन घेऊन आल्या, पट्टी वाचली.

"मावशी, यांचं नाव?"

"तुमाला ठाव हाय की आता."

"ठाऊक आहे. तरी सांगा."

द्वारकाबाईंनी दाराकडं पाहिलं, साहेबरावांकडं पाहिलं. साहेबरावांनी समजून भिंतीकडं तोंड केलं. द्वारकाबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला, डोळे मिटले आणि शेताच्या बांधावरून हाक मारावी तशा आवाजात म्हणाल्या, "सांडू गोविंदा मोकासे."

ज्यांना शेजारचा ट्रॅक्टर ऐकू येत नसे, त्या सांडूंनी डोळे उघडले. सत्तेचाळीस वर्षांत बायकोच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलेल्या त्या नावाकडं ते थोडा वेळ बघत राहिले.

"व्हय," ते म्हणाले.

सिस्टरांनी कागदावर बरोबरची खूण केली.